तिसऱ्या शब्दाची जागा

माझ्या आत्याचं नाव कॉम्प्युटरला पचलं नाही, ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे आणि ऐकणारे बहुतेक हसले आहेत. त्या दिवशी मी हसले नव्हते. मी घाबरले होते.

नव्वदचं दशक होतं. उस्मानपुऱ्यात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास चालायचा. पाटीवर 'इंटरनॅशनल' हा शब्द, आणि आत धड चालणारी यंत्रं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मी तिथं शिकले आणि शिकता शिकता सरांच्या हाताखाली शिकवायलाही लागले. सरांना सी प्लस प्लस येत होतं. तेव्हा शहरात ते येणारी माणसं इतकी थोडी होती, की वासरात लंगडी गाय शहाणी ठरावी तसं सरांचं झालं होतं. त्यांची चूक दाखवली की ते चष्मा पुसायला घ्यायचे आणि पुसून होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

बाहेरून प्रोग्रॅममध्ये येणाऱ्या अक्षरांच्या ओघाला स्ट्रीम म्हणतात. सर फळ्यावर नदी काढून दाखवायचे. मला मात्र बिडकीनजवळच्या आमच्या शेतातला पाट आठवायचा. एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं. प्रोग्रॅमही तसाच वाचतो. मोकळी जागा आली की एक शब्द संपला, पुढचा शब्द पुढच्या वाफ्यात. वाफा अक्षरांचा असेल तर त्यात काहीही चालतं, आकडा आला तरी तो अक्षरं म्हणून आत घेतो. पण वाफा आकड्याचा असेल आणि समोर अक्षर आलं, तर ओघ तिथंच अडतो. आणि अडला की अडला. मागं किती का पाणी असेना, पुढं एक थेंब जात नाही, आणि वाफ्यांत आधीचं जे असेल तेच पडून राहतं. कुणी ओरडत नाही, पडद्यावर सूचना येत नाही. हे सगळं मी पोरांना मोठ्या ऐटीत शिकवत होते. शिकवणं वेगळं आणि तेच आपल्या माणसाच्या अंगावर येणं वेगळं.

त्या वर्षी खालच्या कार्यालयात मोतीबिंदूचं शिबिर भरलं. पेशंटच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर छापून देऊ, असा शब्द सरांनी आयोजकांना देऊन टाकला. एक यंत्र आणि प्रिंटर जिन्यावरून खाली आला. प्रोग्रॅम सरांनी लिहिला, टाइप करायला मला बसवलं. डॉक्टरांनी तपासलं की माणूस कागद घेऊन माझ्यासमोर यायचा. कागदावर वय, कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन ते, आणि डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर. नाव मी विचारायचे. एका माणसाची एक ओळ, आणि सगळ्या ओळी एका फाइलीत. त्या वाचून प्रोग्रॅम चिठ्ठ्या छापणार, चिठ्ठी पेशंटच्या छातीवर टाचायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच पाहून त्या माणसासाठी भिंगाची डबी काढून ठेवायची, अशी सगळी व्यवस्था.

नावाचे शब्द तीन, हा सरांचा नियम. स्वतःचं, बापाचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. कुणाच्या नावात चार शब्द निघाले तर दोन जोडून लिहायचे, असं त्यांनी बजावलं होतं. जास्तीची सोय होती. कमीची कुणाच्या डोक्यातच आली नाही, माझ्याही.

बायकांची नावं लिहून घेताना वेळ जायचा. मधलं नाव विचारलं की पदर तोंडाला. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? मग शेजारची बाई सांगायची, नाहीतर मुलगा पुढं यायचा. एकटीच आलेली एक म्हातारी म्हणाली, "त्या लोणी चोरनाऱ्या देवाचं हाय बगा." मी देवाचं नाव टाइप केलं आणि ती समाधानानं पुढं गेली.

मग आत्या आली. माझ्या वडिलांची ही मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्यानं दुसरी आणली आणि आत्या बिडकीनला माहेरी परत आली. आजोबांनी तिला पुन्हा सासरी नेऊन घातलं. ती पुन्हा आली. तेव्हापासून ती आमच्यातच राहिली. वडिलांना वाळूजला नोकरी लागली तेव्हा आमच्याबरोबर बजाजनगरच्या खोल्यांतही आली, आणि मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. नवरा पैठणकडच्या एका गावात पोराबाळांत सुखी होता. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे, पण रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत आत्याच्या नावाशेजारी तो ठाण मांडून होता.

"पूर्ण नाव?" मी विचारलं. मला पाठ होतं, पण मागं रांग होती, आणि आत्या दिसली म्हणून वेगळं वागावं असं वाटलं नाही.

तिनं स्वतःचं नाव सांगितलं. मग आडनाव सांगितलं, तेही माहेरचं. मधे काही नाही. मला वाटलं लाजली, म्हणून मीच त्याचं नाव टाइप करायला घेतलं.

"काय लिवायलीस?" तिनं विचारलं. तिला पडदा दिसत नव्हता, पण माझी बोटं चाललेली ऐकू येत होती.

"मधलं नाव."

"नगं. म्या सांगितलं तेवढंच लिव."

"मग आजोबांचं टाकू?"

"त्यांचंबी नगं. त्यांनीच मला परत नेऊन घातली व्हती."

"आडनाव तरी त्यांचंच आहे की."

"आडनाव साऱ्या भावकीचं हाय. ते असू दे."

 या बाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं आणि त्याच्याबद्दल एक वाकडा शब्दही काढला नव्हता. आम्ही सगळे धरून चाललो होतो, की तिला आता त्याचं काही वाटत नाही. आणि साठी उलटल्यावर, डाव्या डोळ्यानं माणूस ओळखू येत नसताना, रांगेत उभी राहून तिनं त्याला तांदळातल्या खड्यासारखा वेचून बाहेर टाकला. मला रडू येईल असं वाटलं, पण मागची बाई "आटपा की" म्हणाली. मी दोन शब्द टाइप केले. पुढं बासष्ट, डावा, साडेबावीस.

दुपार कलताना सरांनी छपाई सुरू केली. पहिल्या चिठ्ठ्या नीट आल्या. मग बिडकीनच्या एका म्हाताऱ्यांची आली, ते रांगेत आत्याच्या पुढं उभे होते. मग आत्याची. मग पुन्हा आत्याची. आणि पुन्हा.

मी कागद फाडायचं विसरले. प्रिंटर कर्रकर्र करत होता, घडीमागून घडी खाली पडत होती आणि प्रत्येकीवर आत्याचं नाव. तिच्या मागं उभी असलेली सगळी माणसं, ती "आटपा की" म्हणणारी बाईसुद्धा, गायब झाली होती. समोर सतरंजीवर ती सगळी जिवंत बसलेली दिसत होती, कुणी तंबाखू मळत होतं, आणि कागदावर त्या सगळ्यांच्या जागी माझी आत्या होती. मला खरोखरची भीती वाटली. तिचं मधलं नाव गाळलं म्हणून काहीतरी कोपलं आहे, असा एक वेडगळ विचारही मनात येऊन गेला, आणि मी तर स्वतःला विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणवत होते.

"थांबव, थांबव," म्हणत सरांनीच बटण दाबलं. "एकच रेकॉर्ड रिपीट झालंय. टेन्शन नको घेऊ. ह्यांची एक चिठ्ठी ठेवू, बाकीच्या कॅन्सल. पुढच्यांचं परत चालवू." आणि त्यांनी आत्याची वरची चिठ्ठी फाडून स्वयंसेवकाच्या हातात दिलीसुद्धा. "हे बघ, नाव आहे, बासष्ट आहे. बरोबर आहे ना?"

बासष्ट होतं खरं. पण ते आडनावाच्या जागी होतं. वयाच्या जागी सत्तर होतं. डोळा उजवा. नंबर एकोणीस.

 नावाचे तीन शब्द हवेत म्हणून प्रोग्रॅमनं आत्याचं वय तिसरा शब्द समजून गिळलं होतं. मग वयाचा आकडा घ्यायला गेला, तर समोर डाव्या डोळ्याचं अक्षर. ओघ अडला. वय, डोळा, नंबर या तिन्ही ठिकाणी आधीच्या म्हाताऱ्यांचं जे होतं तेच राहिलं. नाव माझ्या आत्याचं आणि डोळा परक्या माणसाचा. तो ढीग पाहून कुणीही म्हटलं असतं की चूक झाली आहे. एकटी चिठ्ठी पाहून कुणी म्हटलं नसतं.

मी धावले. स्वयंसेवक आत्याच्या पदराला टाचणी लावत होता, ती मी अक्षरशः ओढून काढली.

"अगं, उद्या डॉक्टर बघतीलच की," सर म्हणाले.

"आणि डबीतून म्हाताऱ्यांचं भिंग निघालं तर? उजवा डोळा फाडून बसले तर?" मी सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. माझ्या तोंडाची कीर्ती घरात होती, सरांपर्यंत ती त्या दिवशी पोहोचली.

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "प्रोग्रॅम बरोबर आहे. डेटा चुकीचा आहे. नाव अर्धवट कुणी टाकलं?"

"पूर्ण आहे ते."

"बरं, मधे एक रेघ मार. तीन शब्द होतील, काम होईल."

काम झालं असतं. मी रेघ मारलीही. तेवढ्यात वडील ड्युटी संपवून आत्याचा डबा घेऊन आले आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघायला लागले. त्यांना इंग्रजी अक्षरं लागत होती.

"ही रेघ कशाची? त्यांचं नाव टाक की तिथं." मग आत्याकडं वळून म्हणाले, "अक्का, काय चाललंय? उद्या डोळ्याचं काम हाय. नाव लावायला काय जातंय?"

आत्या माझ्याकडं वळली. मग मला म्हणाली, "तुज्या मशिनीला माज्या नावाशेजारी गडी लागतोच व्हय?"

"तसं नाही. नाव नाही म्हणून रेघ मारली."

"नाव तर सांगितलं की म्या," ती म्हणाली.

वडील सतरंजीच्या कडेला बसले. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. चिडलेला नव्हता, हबकलेला होता. इतकी वर्षं जे नाव बहिणीची अब्रू म्हणून त्यांनी कागदोपत्री जपलं, ते तिला नको होतं, आणि तिला तसं कुणी कधी विचारलंच नव्हतं. डबा त्यांच्या मांडीवर तसाच राहिला.

मी रेघ खोडली. सर म्हणाले, आता ऐन वेळी प्रोग्रॅमला हात लावू नकोस. मी लावला. शब्दामागून शब्द वाचणं काढून टाकलं. अख्खी ओळ एकदम वाचायची आणि मग ती शेवटाकडून सोडवायची. शेवटचा शब्द भिंगाचा नंबर, त्याच्या आधीचा डोळा, त्याच्या आधीचं वय. उरेल ते सगळं नाव, मग त्यात शब्द दोन असोत की पाच. आणि जिथं आकडा हवा तिथं आकडा नसेल, तर जुनंच छापत सुटायचं नाही. थांबायचं आणि कुठली ओळ ते सांगायचं. टंकताना साध्या चुका होत होत्या, आणि सर मागं उभे राहून उसासे टाकत होते. सतरंजीवरची माणसं हळूहळू परत आपापल्या नावानिशी कागदावर यायला लागली तेव्हा ते म्हणाले, "हे असंही करता येतं." जणू मी त्यांनाच विचारून केलं होतं.

प्रत्येक चिठ्ठी मी डॉक्टरांच्या कागदाशी ताडून पाहिली आणि मगच पुढं दिली. आत्याची चिठ्ठी मी स्वतः टाचली.

"वाच," ती म्हणाली. मी वाचली. तिचं नाव, आडनाव, बासष्ट, डावा, साडेबावीस. वडील शेजारीच होते, तेही ऐकत होते. मग त्यांनी डबा उघडला.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर आत्या घरभर फिरून कोपरे बघत होती आणि आईला भांड्यांवरचे डाग दाखवून छळत होती. माझ्या टेबलाशी येऊन थांबली. त्या दिवसाच्या वाया गेलेल्या चिठ्ठ्या मी पाठकोरे कागद म्हणून क्लासातून उचलून आणल्या होत्या.

"ह्यो कसला गठ्ठा?"

"त्या खराब झालेल्या चिठ्ठ्या. पाठीमागं लिहायला आणल्यात."

"काय हाय त्यावर?"

"तुझं नाव."

"समद्यावर?"

"सगळ्यांवर."

तिनं गठ्ठा उचलून डाव्या डोळ्यासमोर धरला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण पहिल्या दोन शब्दांखालून बोट फिरवत ती एकेक चिठ्ठी उलटत गेली. प्रत्येकीवर तोच आकार आहे का, ते बघत होती.

"त्याचं एकावरबी नाय?"

"नाही."

"मग खराब कशाला म्हनतीस?" ती म्हणाली. तिनं तो सगळा गठ्ठा नेऊन आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि पेटीला कडी लावली. मला त्यातला एकही पाठकोरा मिळाला नाही.