ठोक्याचा डबा

दादाचा डावा हात मनगटापासून गेला, तेव्हा आता ढोलकी कोण वाजवणार असं गायन पार्टीतल्या एकानेही तोंडाने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. परतूरच्या एका जिनिंगमध्ये रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस सारताना हात आत ओढला गेला. मालकाने दवाखान्याचा खर्च केला, फाटकावर बसायची नोकरी दिली आणि आपण देवमाणूस असल्याचं गावभर होऊ दिलं. फाटकावर बसायला एक हात पुरतो. ढोलकीला पुरत नाही. उजव्या हाताने चाट वाजते, पण डाव्या बाजूचा घुमारा नसला की गाणं उभंच राहत नाही.

जयंतीच्या दिवसांत आमच्या वस्तीची गायन पार्टी गावोगाव जायची, थेट भोकरदनकडच्या केदारखेड्यापर्यंत. आम्ही गाडीतून उतरायच्या आधीच तिथले लोक विचारायचे, "ढोलकीवाले आले का?" दादाला एवढंच हवं असायचं. जिनिंगच्या फाटकावर त्याला कुणी काहीच विचारत नव्हतं. पार्टीचे प्रमुख प्राथमिक शाळेतले मास्तर होते, हार्मोनियम तेच वाजवत. त्यांनी दादाला सांगितलं, "जयंतीपस्तोर बघू. जमलं तर तुझी जागा तुलाच."

मी तेव्हा जुन्या जालन्यात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो आणि आठवड्याच्या सुट्टीला परतूरला यायचो. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मला त्या वयात असं वाटायचं की जगात जे काही मोडतं ते कथिलाचा डाग देऊन जोडता येतं. मी म्हणालो, "दादा, डावा हात मी करतो."

घराच्या मागच्या खोलीत पत्रे फार घुमायचे, म्हणून भिंतींना कापसाची जुनी बारदानं ठोकली. वहिनीने ज्वारीची पोती पुढच्या खोलीत नेली आणि त्यावरून आठवडाभर मला ऐकवलं. त्या खोलीत मी दोन डबे तयार केले. पहिला ठोक्याचा. दोन ट्रान्झिस्टर, एक फिरवायचं बटण आणि जुन्या रेडिओचा स्पीकर. बटण जसं फिरवाल तसे ठोके सावकाश नाहीतर जलद पडायचे, आणि प्रत्येक ठोक्याला स्पीकर जाड आवाजात घुमायचा. आवाज ढोलकीचा नव्हता, पण जवळपासचा होता. दुसरा डबा सुरांचा. त्यात भंगारात मिळालेला टेलिफोन एक्सचेंजचा फिरता स्विच होता. विजेचा एक धक्का बसला की तो एक घर पुढे सरकायचा. मी प्रत्येक घराला वेगळा सूर दिला. म्हणजे पहिल्या डब्याने ठोका द्यायचा आणि दुसऱ्याने त्या ठोक्यावर पुढचा सूर काढायचा.

पण दोघांचं काही केल्या जुळेना. ठोका एकीकडे, सूर भलतीकडे. कधी स्विच दोन घरं उडी मारायचा, कधी जागचा हलायचा नाही. तीन सुट्ट्या मी ट्रान्झिस्टर बदलण्यात आणि त्यांना शिव्या देण्यात घालवल्या. मग लक्षात आलं की दोन्ही डब्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत आणि मी मधून एकच तार नेली आहे. वीज जाणार, पण परत कुठून येणार? वजा बाजू वजा बाजूला जोडायची असते. दुकानात पहिल्या महिन्यात शिकवतात ते मी विसरलो होतो. दुसरी तार जोडली आणि दोन्ही डबे एका ठोक्यात चालायला लागले. इतका आनंद मला नंतर पोरगा झाला तेव्हाही झाला नाही, हे कबूल करायला हरकत नाही. मी वहिनीला हाक मारून बोलावलं. तिने ऐकलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "चांगलं हाय भावजी. पर ह्यांचा हात कुठाय ह्याच्यात?"

"उजवा आहे की," मी म्हणालो.

दादा ढोलकी मांडीवर घेऊन बसला. डावा कोपर त्याने ढोलकीवर टेकवला, बटणाकडे पाहिलं आणि विचारलं, "ठोका कोणाचा धरायचा? माझा का डब्याचा?"

"डब्याचा," मी म्हणालो. "तो चुकत न्हाई."

हे मी माझ्या सख्ख्या भावाला म्हणालो, आणि वर हसलो.

दादाही चुकत नव्हता. तो गाणाऱ्याकडे बघून वाजवायचा. ओळीच्या शेवटी गाणाऱ्याला दम घ्यायचा असला की दादा कळेल न कळेल इतका थांबायचा, आणि कोरस उठला की लय किंचित पुढे ढकलायचा. लोक डोलायचे ते याच्यावर. डब्याला दम घेणारा माणूस दिसत नाही. दादा थांबला की डबा पुढे जायचा. मग दादा धावत त्याला गाठायचा, तोवर ओळ संपलेली असायची. रोज फाटकावरून आला की तो मागच्या खोलीत जाऊन डबा सुरू करायचा. वहिनी सांगायची, "जेवायला उठत न्हाईत. त्या डब्यामागं पळून राह्यलेत."

जयंतीला पंधरा दिवस राहिले तेव्हा तालीम ठेवली. दुकानातला टेपरेकॉर्डर मी मागून आणला होता, रेल्वेत मांडीवर धरून. रविवारी दुपारी सगळी पार्टी बारदानांच्या खोलीत बसली. एक गाणं टेप केलं आणि मी मोठ्या हौसेने ते सगळ्यांना ऐकवलं. गाताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, टेपवर मात्र स्वच्छ ऐकू आलं. घुमारा एका जागी आणि चाट त्याच्या मागे. गाणारे खाली बघत राहिले. दादा टेपरेकॉर्डरकडे बघत होता. टेप बंद करायचं मला सुचलं नाही, गाणं शेवटपर्यंत वाजलं.

मास्तर वाईट माणूस नव्हते. ते फार हळू आवाजात बोलले. "डबा लई झ्याक झालाय. अन् डबा हाय तर मंग ढोलकीची तशी जरूर न्हाई. तुझ्या हाताला उगा तरास. तू दमू नको."

"बराबर हाय, मास्तर," दादा म्हणाला.

डबा चालवायला माणूस लागणार होता. तो मी. जयंतीला मास्तरांच्या उजवीकडे, दादाच्या जागेवर मी बसलो. लोकांनी वाकून वाकून डबे पाहिले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "ढोलकीवाले न्हाई आल्ते का?" मी बटण फिरवत राहिलो.

घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. पुढच्या सुट्टीला टेलिफोनच्या रिसीव्हरमधला, कानाला लावतात तो तुकडा काढला आणि ढोलकीच्या खोडाला घट्ट बांधला; खोड हललं की त्यातून विजेचा बारीक धक्का निघतो. त्याच्या दोन तारा मी डब्यात नेल्या आणि ट्रान्झिस्टरच्या ठोक्याची तार सोडवली. आता ठोका दादाच्या उजव्या हातातून निघणार होता आणि डबे त्याच्या मागे येणार होते. डाग द्यायला चहा गार होण्याइतका वेळ लागला. दादा बसायला तयार नव्हता, वहिनीने बसवला. त्याने एक हात मारला, घुमारा आला. सावकाश वाजवलं, सूर सावकाश सरकले. जलद वाजवलं, डबे जलद झाले. मध्येच तो थांबला, हात हवेत. दोन्ही डबे गप्प झाले आणि त्याच्या हाताकडून ठोका येईपर्यंत गप्पच राहिले. किती महिन्यांनी त्याचा चेहरा सैल झालेला पाहिला.

"मी आजच जाऊन मास्तरांना सांगतो," मी म्हणालो.

"नको," तो म्हणाला. "दमू नको म्हणलेल्या माणसाला कोणी माघारी बोलवत न्हाई." मग त्याने डब्याच्या मागे वाकून ती सोडवलेली तार पाहिली. "एवढंच होतं व्हय? हे पैल्यांदा करायला येत न्हवतं का तुला?"

"येत होतं," मी म्हणालो.

"मंग?"

मग काय, हे मला माहीत होतं. मला दोन डबे एका ठोक्यात चालताना ऐकायचे होते. ते चालले आणि दादा माझ्या डोक्यातून गेला. मी त्याला हे सांगितलं नाही, आजवर कुणालाच सांगितलं नाही.  त्याने ढोलकी मांडीवरून उतरवली आणि फाटकावर जायची वेळ झाली म्हणून सदरा घालायला वहिनीला हाक मारली.