उजव्या स्तनाचा कौल

डाव्या स्तनात गाठ निघाली तेव्हा घरात सगळे माझ्या बाजूने होते. मग तपासणीत कळलं की दोष आईच्या रक्तातूनच आलाय. घोडबंदर रोडवरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजवा आज निरोगी आहे. पण काढायचा विचार करा. निर्णय तुमचा." माझ्या आईचा डावा काढला होता, आणि उजव्याने तिला नेली. मी बाहेर येईपर्यंत ठरवून टाकलं.

परतताना ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. नवरा म्हणाला, "एक तरी राहू दे ना."

"कुणासाठी?"

तो पुढच्या ट्रककडे बघत बसला.

"तुमचंही एक जोडीचं आहे," मी म्हटलं. "त्यातलं एक देऊन या, मग बोलू." त्याने उगाचच हॉर्न वाजवला. मला बरं वाटलं.

सासूबाईंनी मात्र उजवा काढावा का, म्हणून गावच्या देवाला कौल लावायचं ठरवलं. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने व्हिडिओ कॉल लावला. आम्ही तिघं सोफ्यावर. माझ्या छातीचा निकाल, आणि मला तोंडाला पदर लावून हसू दाबावं लागत होतं.

उजवी पाकळी पडली.

"नीट चिकटाक नाय ती," सासूबाई म्हणाल्या. "परत लाव."

पुन्हा उजवीच. गुरवालाही घाम फुटला असावा. तिसऱ्यांदा त्याने डावी इतकी हलकी टेकवली की ती त्याचं बोट निघायच्या आतच पडली. सासूबाईंनी हात जोडले. नवरा म्हणाला, "बघ, देव पण नको म्हणतोय."

"देव दोनदा हो म्हणाला. तुम्ही त्याला दमवलंत."

संमतीपत्रावर सही केली. दोन्ही एकदमच काढले.

आठवड्याने दोन्हींचा रिपोर्ट आला. नवऱ्याने हॉलमध्ये मोठ्याने वाचला. उजव्यात काहीही सापडलं नव्हतं. सासूबाई माझ्यासाठी पेज घेऊन येत होत्या, तशाच थांबल्या.

"म्हणजे चांगला होता तो," त्या म्हणाल्या. "चांगला कापून आलीस."

इतके दिवस सगळ्यांना तोडून बोलले होते. या वेळी मात्र त्या खरं बोलत होत्या. चांगला होता, माझा होता, आणि घरचे नको म्हणत असताना मीच तो कापायला दिला होता. मी त्यांच्यासमोरच हमसून रडले.

त्यांनी पेज पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आता रडून काय उगवणार आहे का?"