सनईवाल्याचं बोट

समस्त लहानथोर मंडळींस, आणि विशेषतः ज्यांची हाडं अजून शाबूत आहेत त्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की भोर मुक्कामी एका हाडवैद्याच्या हातून अपराध घडला आहे. अपराधी अद्याप मोकळा असून दोन्ही वेळ पोटभर जेवतो. ही हकिकतही तोच लिहीत आहे.

हाडं बसवण्याचं काम आमच्या घरात तीन पिढ्यांचं. वडील ते मुकाट्यानं करायचे. मी बोलून करायचो. ओसरीवर दहावीस माणसं जमल्याशिवाय माझ्या हाताला जोरच येत नसे. निखळलेला खांदा जाग्यावर बसताना खट्‌ आवाज येतो. त्यावर लोक ‘वा!’ म्हणत, आणि मी कपाळावरचा घाम असा पुसायचो की नाटकातल्या राजानं बघून शिकावं.

वाजवणाऱ्यांचे रोग मला भारी आवडत. ढोलकीवाल्यांची मनगटं, पखवाजवाल्यांची कंबर, टाळकऱ्यांची कोपरं. वडिलांची एक रीत होती. वाजवणाऱ्याला वाद्यासकट बोलवायचं आणि आधी वाजवायला लावायचं. अंग कुठं आखडतं ते नुसत्या अंगावरून कळत नाही, वाजवताना दिसतं. ती रीत मी पाळत होतो. एकदा सोडून.

गुंजवण्याकडचे एक सनईवाले आले. वय पन्नाशीचं, उजवा खांदा धरलेला. वेल्ह्याच्या जत्रेत देवीच्या पालखीपुढं वाजवायचा मान त्यांच्या घराचा, आणि घरात थोरले तेच. जत्रा तीन महिन्यांवर आली होती. मी त्यांना वाजवायला लावलं, खांदा बघितला, मानेच्या मुळाशी गाठ सापडली, ती मोकळी केली. हात वर गेला. काम झालं.

पण फार लवकर झालं! ओसरीवरची मंडळी नुकती कुठं सरसावून बसली होती. कुणी म्हणालं, “एवढंच व्हय?”

तेवढ्यात मला त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट दिसलं. मधल्या पेरात वाकून पार बाहेर गेलेलं.

“मामा, हे काय?”

“ते व्हय? ल्हानपणी जात्याखाली घावलं. त्याचं काय न्हाई, दुखत न्हाई.”

“दुखत नाही म्हणून वाकडंच ठेवायचं?”

“सवय झालीया त्याची.”

“करा की सरळ, वैद्य! बघू तरी!” मागून आवाज आला.

सनईवाले ओशाळून हसले. वैद्यानं धरलेला हात सोडवून कसा घ्यायचा, एवढाच त्या हसण्याचा अर्थ होता. तो मला तेव्हाही कळला होता, हे इथं लिहून ठेवतो. सनई त्यांच्या मांडीवरच होती. “आता या बोटाकडे बघतो, पुन्हा वाजवा,” असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

आठ दिवस तेल आणि शेक. नवव्या दिवशी भरल्या ओसरीवर हिसका. त्यांनी धोतराचा सोगा दातात धरला होता. मग लेप, कळकाच्या कामट्या आणि एकवीस दिवस बोट बांधून. तोवर ते भोरातच सोयऱ्याकडे राहिले.

पट्टी सोडली तर बोट आखणीच्या पट्टीसारखं सरळ! मी त्यांचा हात धरून ओसरीभर मिरवला. मग मंडळींना दुसरी हकिकत सांगायला लागलो. बोलता बोलता बघितलं, तर सनईवाल्यांनी सनईवर बोटं ठेवली होती. फुंकली नाही. नुसती बघितली, आणि सनई परत पिशवीत घातली.

“बरं हाय,” म्हणाले, नारळ ठेवला आणि गेले. त्या नारळाची बर्फी मी चवीनं खाल्ली.

दीडेक महिन्यानं वेल्ह्याकडचा एक शेतकरी गुडघा दाखवायला आला. मी ऐटीत त्याला बोटाची कथा सांगितली. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “वैद्य, त्यांच्या सनईची भोकं त्यांच्या बापानं त्या वाकड्या बोटाच्या बेतानं पाडली व्हती. सगळ्यात खालचं एका अंगाला हाय. बोट आता तितं पोचतच न्हाई. त्यांनी मेणानं बुजवून दुसरं पाडलं, पर बोटच वळंना. यंदा धाकला भाऊ वाजवणार. मान त्याच्या घरात गेला म्हंजी गेलाच की.”

त्या गुडघ्याला मी काय केलं, आठवत नाही.

जत्रेला गेलो. नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं बैलगाडी. वाटेत क्षमा मागायचं भाषण तयार केलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज कातर करायचा, सगळं ठरवून. अशा वेळीही मला ते सुचलं, याची लाज अजून वाटते. पालखी उठली. धाकटा भाऊ पुढं होऊन वाजवत होता. आमचे सनईवाले त्याच्या पाठीमागे गाल फुगवून नुसता सूर धरून चालले होते. एकच सूर, पालखी टेकेपर्यंत. सरळ बोट सनईपासून वेगळं उभं होतं.

नंतर ते बायकोबरोबर झाडाखाली भाकरी खायला बसले होते तिथं गेलो. भाषणातलं एक अक्षर आठवेना.

“मामा, चुकलं माझं.”

त्यांनी मला बसायला घोंगडीचं टोक मोकळं करून दिलं. “सूर धरायला बी मानूस लागतोच की,” म्हणाले. “भाकर खा.”

मला रडूच यायचं बाकी होतं, पण हात मेले ऐकतात कुठं! माझा हात आपोआप त्यांच्या बोटाकडे गेला. “दाखवा बघू. आठ दिवस तेल लावलं, तर अजून—”

बाईंनी पाण्याचा तांब्या दाणकन खाली ठेवला आणि सगळ्या झाडाखाली ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “वैद्यदादा, पाया पडते तुमच्या, आता ह्यांचं काय बी बरं करू नगा!”