जांभळीखालची पिसं

"निमगाव सावाच्या शिवारात शिक्र्याची निर्घृण हत्या!" असा मथळा छापून मी मोकळी झाले होते. शिक्रा म्हणजे झाडोऱ्यात दबा धरून बसणारा छोटा शिकारी पक्षी. पुरावा काय, तर एका काकूंच्या खुराड्यामागे जांभळीखाली पडलेली पट्टेरी पिसं. शिक्रा त्यांच्या कोंबड्यांची पिल्लं पळवतो हे गावाला ठाऊक. मग मारणार दुसरं कोण? दोनशे पत्रकं पिशवीत तयार. दुसऱ्या दिवशी पारगावच्या बाजारात वाटायची. काकू त्याच बाजारात अंडी विकायला बसायच्या.

आमच्या वस्तीत पत्रकाचा एक नियम आहे. ज्याच्यावर आरोप, त्याच्या दारात ते आधी वाचायचं. वडिलांच्या पिढीने तो पाळला म्हणून मीही गेले. मनातून मला तो बुळेपणाच वाटायचा.

दारात उभी राहून मी चढ्या आवाजात वाचलं. काकू सुपात कण्या पाखडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, पिसं आणलीस का?

त्यांनी शेपटीचं एक पीस उन्हात धरलं. टोक तांबूस होतं. मग वळचणीला खोचलेलं दुसरं पीस काढलं. ते शिक्र्याचं, कधीतरी गळून पडलेलं. राखाडी, पट्टे बारीक, टोकाला तांबूसपणाचा मागमूस नाही.

"तुझं ह्ये पावशाचं हाय. लांबून शिकऱ्यावानीच दिसतो, म्हणून बारकी पाखरं फसत्यात. तू तर शिकलेली, पोरी."

मग मला जांभळीखाली नेऊन त्यांनी वरची आडवी फांदी दाखवली. शिक्रा तिथे बसतो, भक्ष्याची पिसं उपटून खाली टाकतो आणि खातो. ज्याच्या खुनाची मी बोंब मारणार होते, तोच जेवून गेला होता!

मी माफी मागितली. शिव्या खायची तयारी ठेवली.

"शिव्या त्याला देती मी, रोज. पण मारू कशाला? उंदरं बी तोच उचलतो."

पत्रकं त्यांनी चुलीत घालायला लावली. त्या जाळावर आमचा चहा झाला. इतकं उपयोगी पडलेलं माझं दुसरं पत्रक नाही. बाजारात वाटलं असतं, तर त्यांच्या अंड्यांना कुणी हात लावला नसता आणि मला माझी चूक कधी कळलीही नसती. त्या नियमाचे आणि काकूंचे उपकार मी विसरणार नाही.

निघताना त्यांनी वळचणीचं पीस माझ्या हातात ठेवलं.

"पुढच्या बारीला आधी ह्याच्याशी ताडून बघ. मग वरड."