भोंगा आणि पाठमोरी सुमन

धरणातून पाणी सोडण्याआधी वाजणाऱ्या भोंग्याचा तो आवाज मला आजही आठवतो. खालच्या सुरात घुमत वर चढणारा, नदीचं सारं पात्र व्यापून टाकणारा आवाज. घटस्थापना तोंडावर आली होती, म्हणून अवघं गाव अंथरूण-पांघरूण धुवायला नदीवर लोटलं होतं. भोंगा वाजला, पण एकीनेही मान वर केली नाही.

“ओरडू दे गं मेल्याला,” शेजारच्या काकू म्हणाल्या. “चाचणी असणार. दर महिन्याला ओरडतो.”

असेलही. पण चाचणीचा आणि खऱ्या पाण्याचा सूर एकच असेल, तर ओळखायचं कशावरून? भोंगा वाजतो की नाही, एवढंच तपासलं जातं. तो ऐकून कोणी उठतं का, हे कोण तपासणार? आता म्हणे फोनवर मराठीत संदेश येईल, फोन थरथरेल. येवो. त्याबरोबर दोन्ही काठांवर फिरता लाल दिवाही हवा. कारण त्या दिवशी पात्राच्या मध्यावर, खडकावर, माझी जाऊ सुमन पाठमोरी बसून गोधडी आपटत होती. तापात तिचे कान लहानपणीच गेले होते, आणि तिचा फोन घरी फडताळात होता.

मी पाण्यात शिरले. पाणी नेहमीइतकंच होतं की चढत होतं, पायांना कळेना. तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकून वळली, तिने माझा चेहरा पाहिला, हातातली गोधडी प्रवाहात सोडून दिली आणि विचारलं,

“पाणी?”