दांडी उचलून बघणारे आप्पा

मारुतीआप्पांच्या वरवंडच्या शेडमध्ये कुणी ट्रॉली घेऊन आलं, की आप्पा आधी माणसाला रामराम करत नसत. ट्रॅक्टरपासून ट्रॉली सोडायला लावत, पुढच्या दांडीखाली दोन्ही हात घालत आणि ती दोन बोटं वर उचलून डोळे मिटत. बघणाऱ्याला वाटावं, नाडी बघतायत. मग दांडी खाली ठेवून म्हणत, "हं. आता बोला. रामराम."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या जीपमागे काहीच नव्हतं. आप्पा सवयीनं जीपच्या मागे गेले, मोकळ्या बंपरकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मागं कायच न्हाई? मग कशाला आलीस?"

"मागं लावायचंय, म्हणून तर हूक करून घ्यायला आलेय."

"कुणाची तू?"

मी दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. तळेगाव ढमढेऱ्याची आमची उसाची ट्रॉली आप्पांनीच केलेली होती. आप्पांना माणसं ट्रॉलीवरनं आठवत. "डाव्या फाळक्याला ठिगाळ असलेली," ते म्हणाले. "त्याची लेक व्हय! ती शिकलेली?"

हो, ती शिकलेली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. फिजिक्स घेऊन बीएस्सी. मी हे सांगते, कारण सांगायला मला आवडतं. दादांना ते फक्त बाजारात, वांग्याचा भाव करताना सांगायला आवडायचं. पदवीनंतर चार वर्षं मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होते, कारेगावात खोली करून. मग डोक्यात आलं, की जीपमागे ओढायची कॅराव्हॅन घ्यायची. चाकांवरचं छोटं घर. पुण्यातल्या कुटुंबांना भीमेच्या काठी नाहीतर कोकणात न्यायचं, घर तिथं लावून द्यायचं, सुट्टी संपली की ओढून आणायचं. दादा म्हणाले, "घरं असताना माणसं गाडीत झोपायला पैसं देतील?" मी देतील म्हणाले. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. न्हाई जमलं, तर कंपनी हायेच."

त्या 'हायेच'ची मला धास्ती होती. कंपनी वाईट नव्हती, पण परत त्याच गेटातून आत जायचं म्हणजे आपण काही करू शकतो हे स्वतःशीच खोडून टाकायचं.

मला बाहेरच्या देशातली कॅराव्हॅन हवी होती. पुण्याच्या अलीकडे एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे एक होती. पांढरी शुभ्र, आत शेगडी, फ्रीज, घडीचे पलंग आणि इंग्रजीत जाडजूड पुस्तक. पुस्तक मी बसल्या जागी वाचून काढलं. आप्पांना मी फक्त हूक बसवून मागणार होते. पण आप्पा म्हणाले, "गाडी बघितल्याबिगर हूक कसा करू? चल."

व्यापारी "बाबा, आत बघा" म्हणत राहिला आणि आप्पा खाली शिरले. जमिनीवर उताणे पडून अर्धा तास बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं, आता नावं ठेवणार. स्वतः बनवणारा माणूस दुसऱ्याच्या मालाला चांगलं कशाला म्हणेल? तर आप्पा बाहेर आले ते धूळ न झटकताच.

"ग्रॅज्वेट, हिकडं ये. ह्याच्या आक्साला स्प्रिंगची पाटंच न्हाईत! आत रबर हाय. आन् ही दांडी बघ. जीपनं ब्रेक मारला की ही मागनं ढकलती. त्या ढकलण्यानंच हिचं सोताचं ब्रेक लागत्यात. ज्यानं केलीया त्याला भेटलो असतो तर पाया पडलो असतो."

मग दांडी उचलून डोळे मिटले. "एक सिमेंटचं पोतं आन् वर थोडं. असाच भार पायजे. ह्याच्याहून कमी न्हाई, लई जास्तबी न्हाई."

"म्हणजे घ्यायची?" माझा जीव हरखला.

आप्पा आत गेले, दार उघडून पायरीवर उभे राहिले. "माझ्या म्होरं काय हाय?"

"अंगण."

"अंगण न्हाई. ही गाडी डाव्या कडेला लावलीया असं समज. आता सांग."

दार उजव्या बाजूला होतं. म्हणजे पायरीसमोर धावता रस्ता.

"लेकरू झोपेतनं उठून उतारलं, तर ट्रकाखाली उतारल," आप्पा म्हणाले. "त्यांच्याकडं गाड्या उजवीकडनं पळत असत्याल. त्यांचं बरोबरच हाय."

व्यापारी हसून म्हणाला, "बाबा, इंपोर्टेड माल आहे. लोक दाराची बाजू बघत नाहीत."

"लोक खोटं बोलत्याल, लोखंड बोलत न्हाई. कुठल्या रस्त्यासाठी जल्माला आलंय ते सांगतंच." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, पुढे मी ते शंभरदा ऐकलं. वर आणखी दोन गोष्टी त्यांनी मोजून दाखवल्या. पोट इतकं खाली, की आमच्या प्रत्येक गावच्या गतिरोधकावर घासणार. आणि टायरचं माप असं, की दौंडात काय, पुण्यातही चटकन मिळणार नाही. दीडशे पानी पुस्तकात यातलं काही नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

परतताना मी रुसल्यासारखी बसले होते. चौफुला जवळ आल्यावर आप्पाच म्हणाले, "मी करून बघू का? आजपातुर केली न्हाई. पण तिच्या पोटाखाली पडून आलोय."

दसऱ्याला गाडी तयार झाली. दिसायला देखणी, दार डावीकडे, पोट उंच. दादाही आले होते. मी जीपला जोडली आणि गावाबाहेरच्या कालव्याच्या पुलाकडे निघाले. पुलाचा चढ काही मोठा नाही. अर्ध्यावर जीप थांबली, क्लच जळल्याचा वास सुटला आणि गाडी मला मागे ओढायला लागली. दादांनी पळत येऊन चाकांखाली दगड घातले.

शेडमधली माणसं, गिऱ्हाइकं, चहावाला, सगळे जमले. एकजण म्हणाला, "आप्पा, ट्रॅक्टर लावा की! जीपचं काम न्हाई हे." दुसरा म्हणाला, "घर बांधलंय का तालीम?"

आप्पा दांडीशी वाकले. उचलेना. दोघांना लावलं, तरी उचलेना. मी काकुळतीला येऊन दादांकडे बघितलं. दादा चाकाखालचा दगड पायानं आणखी आत सारत होते. दिवाळी तीन आठवड्यांवर होती आणि पहिलं कुटुंब मी ठरवून बसले होते.

आप्पांना सुटायला जागा होती. जीप जुनी आहे म्हणता आलं असतं. पोरीला चालवता येत नाही, हे तर सगळ्यांनी लगेच मानलं असतं. पण आप्पा सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिची चूक न्हाई. जीपचीबी न्हाई. चाळीस वर्सं ऊस वाहायच्या ट्रॉल्या केल्या. हात त्योच. मी माणसांच्या घराला उसाचं जड लोखंडी चॅनल घातलं."

"मग आता?" दादांनी विचारलं.

"कापायची."

कानामागचा खडू काढून त्यांनी तिथंच, पुलाच्या चढावर, आपल्याच कामावर फुल्या मारायला सुरुवात केली. हे चॅनल, फुली. ही आडवी पट्टी, फुली. पत्र्यावर तर सरसकट. ट्रॅक्टरनं गाडी शेडमध्ये नेली आणि दुसऱ्या दिवशी गॅस कटरनं त्यांनी ती स्वतः सोलली. गिऱ्हाइकांच्या तीन ट्रॉल्या बाजूला ठेवल्या. त्यातला एक ओरडला, "आप्पा, आमचा ऊस तोडणीला आलाय!" आप्पा म्हणाले, "तुझा ऊस रानात उभा ऱ्हातोय. हिला उभं ऱ्हायला जागा न्हाई."

त्या दिवसांत मी रोज शेडवर असे. पुस्तकात तरफ, आधारबिंदू मी कितीदा सोडवलं होतं. आप्पांनी तेच बैलगाडीवर सांगितलं. "मागं जड झाली की गाडी उलाळ होती. जू वर उचलतं, बैलाची मान टांगती. जीपला मान न्हाई, म्हणून मागची गाडी शेपूट हलवायला लागती. पळताना शेपूट हलली, की गेलं." मी गणित मांडून पाण्याची टाकी कुठं हवी ते काढलं. आप्पांनी कागदाकडे बघितलं नाही, हातानं जागा दाखवली. वीतभराचा फरक आला. आम्ही दोघांनी मोजून पाहिलं, तर माझं बरोबर निघालं. आप्पा म्हणाले, "शिकल्यालं वाया जात न्हाई म्हण की," आणि माझ्या खुणेवर टाकी बसवली. तो दिवस मी पदवीच्या दिवसाशेजारी ठेवलाय.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी गाडी पुलावरून गेली, आली. दादा आत चढले, पलंगावर बसून बघितलं, खिडकी उघडून बघितली आणि तिथंच बसून चहा मागितला. कप रिकामा करून म्हणाले, "कंपनीला कळव. येत न्हाई म्हणून."

आज माझ्याकडे चार कॅराव्हॅन आहेत, चारही आप्पांच्या. बाहेरची कधी घेणार नाही असं मी म्हणत नाही. चांगली ती चांगलीच. पण आधी तिचं दार बघेन.

यंदा आप्पांचा खांदा गेला आणि त्यांनी शेड पुतण्याच्या हाती दिली. शिरूरला लेकीकडे राहायला जायचं ठरलं. सामान न्यायला मी पहिलीच गाडी घेऊन गेले. त्यांची बायको जिजी भांड्यांची बोचकी मोजत दारात उभी होती. कुठलं बोचकं कुठं ठेवायचं, हे आप्पांनी खुर्चीत बसून मला सांगितलं. शेवटी म्हणाले, "दांडी बघ. मला आता उचलत न्हाई."

मी हात घातले, डोळे मिटले. सिमेंटच्या पोत्याऐवजी वांग्याच्या पाटीसारखी दांडी वर आली.

"आप्पा, उलाळ झालीय. मागं काहीतरी जड आहे."

"मागं गाद्या हायेत," आप्पा म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले.

"गाद्यांचा भार नाही हा. मी गाडी हलवणार नाही."

जिजीनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गाडीत चढली. मागच्या पलंगाखालचा खण उघडल्याचा आवाज आला. गाद्यांच्या खाली, गोधडीत गुंडाळून ठेवलेली आप्पांची ऐरण होती. आप्पांच्या वडिलांपासूनची, आप्पा जिच्यावर बसून चहा प्यायचे ती.

"म्या नको म्हणलं होतं ना!" जिजी आतूनच कडाडली. "लेकीच्या दारात लोखंड कशाला? कवा ठेवलीत?"

"तू देवळात गेली हुतीस तवा. शेडमधल्या पोरांनी उचलून ठिवली." आप्पा शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले होते. "पण मागं ठिवायला नको हुती, ते खरंय. घाई झाली."

"चाळीस वर्सं दुसऱ्याला शिकवलंत!"

"व्हय. आन् बघ की," आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "शिकली."

पकडला गेल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जिजीनं गोधडीची टोकं पुन्हा ऐरणीवर घेतली. मग पदर खोचून मला म्हणाली, "बघतीस काय? धर तिकडनं. कुठं ठेवायची असती ती?"

"चाकांच्या वर," मी म्हणाले.

आम्ही दोघींनी ती सरकवत सरकवत आक्सावर आणली. मी परत जाऊन दांडी उचलली. एक सिमेंटचं पोतं, वर थोडं. आप्पा जीपमध्ये पुढे बसले, मागच्या सीटवर जिजी. मी किल्ली फिरवली तेव्हा आप्पा म्हणाले, "हं. आता बोल. रामराम."