छापलं हाये तेच

आमच्या मारेगावच्या शाळेचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या मॅडम वाचनाच्या बाबतीत भारी कडक. "छापलं हाये तेच वाच, मनचं घुसवू नको," हे त्यांचं पालुपद. दर शनिवारी त्या पाककृतींच्या पुस्तकातला एक पदार्थ मोठ्यानं वाचत आणि मुलं घरून आणलेल्या जिनसांतून तो तिथंच बनवत.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षी एका शनिवारी सगळ्या डब्यांतून शिळी भाकरच निघाली. पोरं हिरमुसली. मॅडमनी पुस्तक उघडलं.

"ऐका पोट्टेहो! शिळी भाकर कुस्करा, कांदा चिरा, वरून तिखट आन् तेल."

"मॅडम, हे पुस्तकात हाये?"

"हाये ना बाप्पा! छापूनच हाये."

कुस्करा फक्कड झाला. मीही दोनदा मागून घेतला. मग टेबलावरचं पुस्तक उचललं, तर उघड्या पानावर काजू-खजुराचे लाडू होते.